शेवटच्या पानावरची लाल खूण

११ नोव्हेंबर, मंगळवार
पहिली शिफ्ट. थंडी पडायला लागली. सकाळी सातपूरच्या रस्त्यावर गाडीचं हँडल हातात धरवत नव्हतं.

दुपारी घरी आलो तर मुक्ता पायरीवर बसलेली. मुंबईहून न सांगता आली. डोळ्यांखाली काळं. आठ-पंधरा दिवस राहते म्हणाली, काम इथूनच करीन.
तिची आई, सुनंदा, आतून म्हणाली, "सुट्टी घेतलीस का काढून टाकलं?"
पोरगी हसली, मग सांगितलं. संगीत द्यायला स्वतःचा पहिला सिनेमा मिळालाय. चार वर्षं तिच्या सरांच्या हाताखाली पानंच्या पानं लिहिली, पडद्यावर नाव सरांचं. या वेळी तिचं एकटीचं येणार.
"गाणी किती आहेत?" मी विचारलं.
"एकही नाही, बाबा. नुसतं मागचं संगीत."
संध्याकाळी माळ ओढताना दोनदा मण्यांवरून बोट घसरलं. आनंदानं का काळजीनं, सांगता येत नाही.

१२ नोव्हेंबर
डबा खाताना खैरनारला सांगितलं. आमच्या तपासणी विभागात तो माझ्या शेजारच्या टेबलावर. सटाण्याकडचा.
"गाणं नाय अन् संगीत शे? म्हंजे भाजी नाय अन् नुसती फोडणी?"
मुक्तानं रात्री जे सांगितलं तेच त्याला सांगितलं. हे संगीत लोकांच्या लक्षात यायला नको. लक्षात आलं तर कुठेतरी बिघडलं.
खैरनारनं घास थांबवला. "मग हे आपल्यासारखंच. माल बरोबर गेला तर इन्स्पेक्टर कोणाला ठाऊक?"
कधी कधी बोलतो बरा.

१४ नोव्हेंबर
मुक्तानं सगळं संगीत कॉम्प्युटरवर ऐकवलं. खरी वाद्यं नंतर वाजवतील, हे फक्त कच्चं. सिनेमा कारखान्याच्या गावातला. कारखाना बंद पडतो, नवरा कामाच्या शोधात जातो, परत येत नाही. शेवटी बायको दारात उभी. भोंग्याची वेळ.

शेवटचा तुकडा ऐकताना आधी व्हायोलिनं हळू. मग खालून चार हॉर्न वर आले. हॉर्न म्हणजे पितळेचं, गोल वळसे घातलेलं वाद्य. दोनच सूर, लांब, दुसरा जरा खाली बसणारा.
मी म्हटलं, "हा आमचा भोंगा."
"ओळखलात?" तिनं एवढंच विचारलं.

आमच्या कंपनीचा भोंगा बंद होऊन किती वर्षं झाली. आता दारात कार्ड दाखवायचं मशीन. पण मुक्ता चार-पाच वर्षांची असताना दुपारी भोंगा झाला की पायरीवर येऊन बसायची. सुनंदा त्याच आवाजावर चहाचं आधण ठेवायची. मी पोचेपर्यंत उकळी.

लहानपणी गावच्या यात्रेत, घोटीच्या बाजूला, तंबूत सिनेमा पाहिलेला आठवला. बाई विहिरीकडे चालत जात होती. मागे नुसती वाद्यं वाजत होती आणि मी आईचा पदर घट्ट धरला. तेव्हा वाटलं होतं, ही भीती माझ्या आतूनच आली. त्या भीतीमागे कोणी माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसला असेल, पन्नास जणांनी मिळून ती वाजवली असेल, हे मला इतक्या वर्षांत सुचलंच नाही. त्या माणसाला आज मनात नमस्कार केला.

१५ नोव्हेंबर, शनिवार. एकादशी
उपास. मुक्तानं जवळ बसवून काम सांगितलं.
४ डिसेंबरला रेकॉर्डिंग. वाजवणारे परदेशात, चाळीस जण. इकडून इंटरनेटवर ऐकायचं. फक्त तीन तास. त्यांना आपली भाषा येत नाही, सिनेमा माहीत नाही. कागद समोर येईल तो पहिल्यांदाच बघून वाजवणार. कागदावर असेल तेच वाजेल, चूक असेल तर चूकही वाजेल. सगळ्यांचं मिळून एक मोठं पान, त्याला स्कोअर म्हणायचं. त्यातून प्रत्येकाचा वेगळा कागद काढायचा. दोन्ही जुळले पाहिजेत.
"तुम्ही ड्रॉइंग तपासता ना, तसं तपासाल का बाबा? माझी नजर मेलीय आता."
"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."
"कंपनीतला पार्ट पुढे कुठल्या मशीनमध्ये बसतो ते कळतं का? तरी तपासताच ना?"
उठून लाल पेन्सिल शोधली.

१७ नोव्हेंबर
फजिती. हॉर्नच्या तीन पानांवर सुरांचं एकूण एक टिंब लाल केलं. स्कोअरमध्ये जिथे आहे तिथे कागदावर एकही नाही, सगळी वर. म्हटलं, पोरीनं काय करून ठेवलंय. अपराध्यासारखं तिच्यासमोर ठेवलं. ती पोट धरून हसली. आईला बोलावून दाखवलं.
मग समजावलं. हॉर्नमधून लिहिलेल्यापेक्षा खालचा सूर निघतो, म्हणून कागदावर मुद्दाम वर लिहायचं. चार पायऱ्या वर. रेघ ही एक पायरी, दोन रेघांमधली जागा ही एक पायरी.
मी म्हटलं, "म्हणजे भजनी मंडळातली स्केल बदलायची पेटी. बोटं एका पट्टीवर, आवाज दुसऱ्या पट्टीचा."
"बाबा! हे मला शिकायला सहा महिने लागले."
वीस वर्षं मंडळात पेटी वाजवतोय, तिचा असा उपयोग होईल वाटलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर
लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं गेज, म्हणजे माप तपासायची पट्टी, कापलं. दोन्ही पानं एकाच मापात छापून घेतली. गेजची खाच चार पायऱ्यांची. लावायचं, बसलं की पुढे. क्लॅरिनेटचे सूरही वर लिहायचे, पण एकच पायरी, म्हणून त्याचं गेज वेगळं. मुक्तानं दोन्हींचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला.

२२ नोव्हेंबर
आतापर्यंत सात खऱ्या चुका सापडल्या. मोठी आजची. चेलोच्या, म्हणजे मोठ्या व्हायोलिनच्या, कागदात दोन उभ्या रेघांमधला एक रिकामा खण कमी. म्हणजे पुढचं सगळं एक खण आधी सुरू झालं असतं. मुक्ता पान हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. "हे रेकॉर्डिंगच्या दिवशी निघालं असतं तर मी मेले असते."
प्रत्येक पानाखाली लाल बरोबरची खूण, सही, तारीख. कंपनीत करतो तसं. ती म्हणाली सहीची गरज नाही. मी म्हटलं, सहीशिवाय तपासणी नसते.

पूर्वी असंच काम हातानं लिहिणारे लोक असत म्हणे. संगीतकार सूर सांगायचा, हे चाळीस-पन्नास जणांचे कागद उतरवायचे. सकाळी लिहिलेलं दुपारी वाजायचं. त्यांची नावं कुठेच नाहीत. कोणाच्या तरी घरी असेल एखादी शाईची बाटली.

२९ नोव्हेंबर
दिग्दर्शकांचा पुण्याहून फोन. शेवटचा प्रसंग लांबवला. बायको दारात आता जास्त वेळ उभी राहणार. म्हणजे शेवटचा तुकडा पुन्हा लिहायचा. मुक्ता जेवली नाही. सुनंदा म्हणाली, "त्या बाईला काय जातंय दारात उभं राहायला."

३० नोव्हेंबर, रविवार
मुक्तानं सकाळपासून लिहून संध्याकाळी नवी पानं दिली. घाईत हॉर्नचा कागद वेगळा टाइप करून काढला. मी लगेच बसलो. पान बघता बघता आता मला थोडं ऐकू यायला लागलंय. ते दोन सूर दिसले आणि भोंगाच वाजला कानात. स्कोअरशी ताडून पाहिलं. टिंबाला टिंब. एक केसभर फरक नाही. गेज लावायची गरजच पडली नाही.
लाल खूण केली. सही. देवापुढे साखर ठेवली.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती
आज लिहवत नाही.

५ डिसेंबर
लिहितो.

रेकॉर्डिंग कॉलेज रोडला, मुक्ताच्या मित्राच्या छोट्या स्टुडिओत. मी अर्धी रजा टाकून गेलो. मागच्या खुर्चीत बसलो. पडद्यावर लांबचा मोठा हॉल, स्वेटर घातलेली माणसं, समोर हात हलवून वाजवून घेणारे पांढऱ्या केसांचे गृहस्थ. कोपऱ्यातल्या चौकटीत पुण्याचे दिग्दर्शक. अडीचला सुरू.

पहिल्यांदा सगळ्या व्हायोलिनांचे गज एकदम हलले तेव्हा घोटीकडच्या खाचरांवरून वारा जातो तसं दिसलं. भात एकदम एका बाजूला लवतं तसं. माझ्या पोरीनं आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिलेलं, आणि तिकडे नातवंडं असतील अशा वयाची माणसं मन लावून वाजवत होती. हात आपोआप जोडले गेले. कोणी बघितलं नसावं.

पाच तुकडे छान झाले. पाच वाजून बारा मिनिटांनी शेवटचा. हॉर्न सुरू झाले आणि भोंगा विहिरीत पडल्यासारखा निघाला. जाड, खोल, व्हायोलिनांशी भांडणारा. त्या गृहस्थांनी थांबवलं. हॉर्नचा कागद बरोबर आहे का, विचारलं.

मुक्तानं फाईल उघडली. ते पान काढलं. तळाला माझी लाल खूण. तिनं एकदाच बघितलं आणि इंग्रजीत सांगितलं, कागद बरोबर आहे. मग दिग्दर्शकांना मराठीत, "तो कागद नाही सर. तो बाबांनी तपासलाय."

मग सगळे बाकी ठिकाणी शोधत बसले. मोठी व्हायोलिनं वेगळी वाजवून बघितली. माइक बघितला. इंटरनेट बघितलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. अकरा मिनिटं. शेवटी हॉर्न वाजवणाऱ्या एका लठ्ठशा बाईंनी स्वतःचा कागद वर धरून काहीतरी विचारलं. मला इंग्रजी बेताचंच कळतं, पण मुक्ताची मान खाली गेली ते बघून कळलं.
कागदावर सूर वर न्यायचे राहिले होते. स्कोअरमध्ये होते तसेच्या तसे उतरले होते. म्हणून तर जुळले. बाकीच्या प्रत्येक पानावर मी चार पायऱ्या मोजल्या आणि या एकाच पानावर, जुळलं म्हणून खूश झालो.

मुक्तानं पान टेबलावर उलटं केलं. माझी सही खाली गेली.

चार मिनिटं राहिली होती. पुढचं रेकॉर्डिंग तिकडे दाराबाहेर उभं, वेळ वाढवून मिळणार नव्हती. गृहस्थ म्हणाले, हॉर्नवाले मनातल्या मनात सूर वर नेऊन वाजवतील, पण एकदाच होईल. सगळे एकाच हॉलमध्ये एकदम वाजवतात, त्यामुळे हॉर्न चुकले तर व्हायोलिनंही वाया. का फक्त व्हायोलिनं घेऊ? मुक्तानं डोळे मिटले. म्हणाली, फक्त व्हायोलिनं.
हॉर्नवाले हात मांडीवर ठेवून बसून राहिले. एकदाच वाजलं. साडेपाच. माणसं उठली, वाद्यांच्या पेट्या बंद केल्या, गेली.

"सर, माझी चूक. कागद मीच चुकीचा काढला," मुक्ता म्हणाली.
दिग्दर्शक म्हणाले, "बघू," आणि चौकट काळी झाली.

मी मागच्या खुर्चीत. तोंड उघडलं नाही. कंपनीत नव्या पोरांना मीच सांगतो, सही ज्याची, जबाबदारी त्याची.
येताना गाडी हळू चालवली. सातपूरच्या वळणावर ती मागून म्हणाली, "बाबा, चहा घ्यायचा?"
मी टपरीपाशी गाडी थांबवली.

७ डिसेंबर, रविवार
सुनंदाला आज सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.
"पोरीनं पान उलटं केलं ते तुम्हाला वाचवायला."
"हो."
"आणि तुम्ही वाचलात."
एक खडा काढून बाजूला टाकला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी एकटाच गंगेवर जाऊन आलो. पाणी कमी, थंड. रामकुंडाजवळ गर्दी होती म्हणून पुढे जाऊन बसलो. देवाकडे माफी मागायची सोय आहे, तो लगेच देतो. माणसाकडे मागायला तोंड उघडावं लागतं.

८ डिसेंबर
मुक्ताकडे दिग्दर्शकांचा नंबर मागितला. मी फोन करतो म्हटलं, खरं काय ते सांगतो.
"नाही, बाबा."
"अगं पण चूक माझी."
"पान मी चुकीचं काढलं, तुम्ही पास केलं, मी बघायला हवं होतं, मी बघितलं नाही. तिथे हे असं वाटून घेत नाहीत. संगीतकार म्हणून नाव लागतं ना, ते चुकीलाही तेच लागतं."
"तू ते पान वाचलं का नाहीस तेव्हा? समोर होतं."
मग म्हणाली, "तुमची सही होती. खाली सही दिसली, वर वाचायचं सुचलंच नाही."


९ डिसेंबर
कंपनीत खराब माल पास झाला की अहवाल भरावा लागतो. सव्वीस वर्षांत मी तीनदा भरलाय. आज घरी चौथा भरला. फुलस्केपवर रेघा मारून.
दोष: शेवटच्या तुकड्याच्या हॉर्नच्या कागदावर सूर चार पायऱ्या वर नाहीत.
कारण: तपासणाऱ्यानं जुळलं म्हणजे बरोबर असं धरलं. ठरवलेलं गेज वापरलं नाही. तुकडा त्याच्या आवडीचा होता, त्यामुळे तपासण्याऐवजी ऐकत बसला.
उपाय: यापुढे प्रत्येक पान पेटीवर त्या वाद्याची पट्टी लावून वाजवून पाहावं. आवडत्या पानाला दुप्पट वेळ द्यावा.
खाली पूर्ण नाव, सही.

मुक्ताला दिला. उभ्यानं वाचला, मग बसून परत वाचला. म्हणाली, "पेटीवर वाजवायचं तेवढं आधी सुचायला हवं होतं हो, बाबा."
पाच दिवसांत पहिल्यांदा हसली. कागद घडी करून स्कोअरच्या फाईलमध्ये ठेवला. दिग्दर्शकांना पाठवणार का, विचारलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार
सुनंदाची लक्ष्मीची पूजा, घरात धूप. तेवढ्यात दिग्दर्शकांचा फोन. मुक्ता गच्चीवर गेली. खाली आली ती रागावलेली.
त्यांनी नुसती व्हायोलिनं चित्राखाली लावून बघितली. आवडलं म्हणे. भोंगा नाही हेच बरोबर वाटतंय म्हणे. तरी निर्णय तिच्यावर सोडलाय. हवं तर हॉर्न कॉम्प्युटरवरचे घालता येतील. सोमवारी सकाळी दहाच्या आत कळवायचं.
"मग चांगलंच झालं की," सुनंदा म्हणाली.
"काय चांगलं, आई? मी लिहिलं ते नाही आवडलं. जे चुकून राहिलं ते आवडलं. मग त्यात माझं काय?"
सुनंदा माझ्याकडे बघायला लागली. मी निरांजनात तूप घातलं.

१२ डिसेंबर
खैरनारला विचारलं, चुकून बनलेला पार्ट मूळ पार्टपेक्षा चांगला बसला तर?
"तर ड्रॉइंग बदलतात."
"आणि ज्यानं ड्रॉइंग काढलं त्याला काय वाटेल?"
"त्याला कोण इचारतं?" मग माझा चेहरा बघून म्हणाला, "पोरगीचं शे का हे? मंग नाय बोलत मी. डबा खा."

१४ डिसेंबर, रविवार
सकाळी पूजा झाल्यावर मुक्तानं लॅपटॉप बाहेरच्या खोलीत मांडला. उद्या दहाला कळवायचंय. दोन दिवस ती दोन्ही ऐकतेय, आता तिला काहीच ऐकू येत नाही म्हणाली. मला समोर बसवलं. सुनंदा आत भाकरी थापत होती, तिला चित्र दिसत नव्हतं. कोणतं कधी लावणार तेही तिला सांगितलं नव्हतं.

आधी कॉम्प्युटरच्या हॉर्नचं. व्हायोलिनं, बाई दारात, खालून भोंगा वर आला. डोळे भरले माझे. लिहिलं होतं तसंच होतं.
आतून आवाज आला, "वाजला गं. अगदी आपल्या कंपनीसारखा."
मुक्तानं माझ्याकडे बघितलं नाही. दुसरं लावलं.

तीच व्हायोलिनं, तीच बाई. भोंग्याची जागा आली. काही नाही. चाळीस माणसांपैकी चार जण हात मांडीवर ठेवून बसलेले मला दिसत होते, पडद्यावर नसले तरी. सूर तसाच लांबत राहिला, कुठे टेकेना. बाई उभी. मग अंधार.

भाकरी थापायचा आवाज थांबला होता. सुनंदा पिठाच्या हातांनी दारात आली. "थांबलं का? मला वाटलं, आता वाजेल." मी तिच्यासमोर घरात बसलेलो, तरी ती बाहेरच्या दाराकडे बघत होती. क्षणभरच. मग तव्यावरची भाकरी करपेल म्हणून आत गेली.

मुक्ता हळू म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा. पास की रिजेक्ट?"

खिशात लाल पेन्सिल होती. काढली. टोक बघितलं. सव्वीस वर्षं या प्रश्नाला मी दोनपैकी एकच उत्तर देत आलोय, आणि त्याला कधी एक मिनिटाच्या वर लागलं नाही.
पेन्सिल परत खिशात ठेवली.
"हे परत एकदा लाव," म्हटलं.
तिनं लावलं.